साडेतीन माणसांचा पोशिंदा

आमच्या सासरेबुवांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बसायला म्हणून खुर्ची ओढली आणि माझ्या खांद्यात कळ आली. खुर्ची तसूभरही हलली नाही. पाय कुठेतरी अडकला असेल असं वाटून मी दोन्ही हात लावले. मी तेव्हा जावई व्हायच्या वाटेवर होतो, त्यामुळे चेहऱ्यावर हसू ठेवून जोर लावावा लागत होता. शेवटी माझ्या होणाऱ्या बायकोला दया आली.

"ती जमिनीला स्क्रूनं बसवलेली आहे," ती म्हणाली. "इथे खुर्ची नाही सरकत. तुम्हीच सरका."

मी सरकलो. त्या घरात सगळे असेच सरकत. टेबल भिंतीत मिटायचं. कप फळीला पाडलेल्या गोल भोकांत बसायचे. घड्याळ, आरसा, औषधांचा डबा, सगळं भिंतीला आवळलेलं. कपाटाचं दार आधी दाबायचं, मग उचलायचं, मग ओढायचं; या तीन पायऱ्या ज्याला माहीत नाहीत तो त्या घरात बिनसाखरेचा चहा पितो. दोन खोल्यांचं ते घर उद्या सकाळी उठून कुठेतरी निघणार असावं, अशी जय्यत तयारी होती. मी बघतोय तेव्हापासून आठ वर्षं ते जागचं हललेलं नाही.

याचं कारण सासरेबुवांची नोकरी. आमच्या गावाबाहेर घरगाड्यांचा कारखाना आहे. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढे इंजिन, मागे पलंग, ओटा, न्हाणीघर आणि कपाटंच कपाटं. ज्यांना एक घर आहे आणि ते पुरत नाही असे लोक ती विकत घेतात, आणि सुट्टी लागली की घरातून निघून घरातच बसून फिरून येतात. सासरेबुवा तिथले सुतार. चालत्या गाडीत कपाट उघडलं की बशा थेट डोक्यात येतात, म्हणून प्रत्येक दाराला खटका लागतो, आणि खटक्यांचा सगळा कारभार सासरेबुवांकडे. कारखान्यात त्यांना 'खटके' म्हणूनच ओळखत. पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून एक नवा कारकून 'हे कोण गृहस्थ?' असं विचारत अर्धा दिवस फिरला होता.

पण त्यांचं खरं काम खटके बसवण्याचं नव्हतं, खटके ऐकण्याचं होतं. कारखान्याच्या मागे एक किलोमीटरचा जुना रस्ता होता. कधीकाळी सरकारनं तो बांधला आणि विसरून गेलं. त्याला इतके खड्डे की सायकलवालासुद्धा उतरून चालायचा. तयार झालेली प्रत्येक गाडी त्या रस्त्यावरून एकदा जायची आणि एकदा यायची. पुढे ड्रायव्हर, मागे सासरेबुवा एकटे, पडदे ओढून आणि डोळे मिटून. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं त्यांचं मत. गाडी आदळत-आपटत जायची आणि हे बसल्या जागेवरून ओरडायचे, "ओट्याखालचं दुसरं दार! वरचा स्क्रू!" उघडून बघावं तर तोच स्क्रू ढिला. सगळं ठाकठीक निघालं की ते एक चिठ्ठी लिहायचे, 'खडखड नाही', खाली सही, आणि ती पहिल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. त्या चिठ्ठीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

मी एकदा सहज गुणाकार करून पाहिला. सासरेबुवा घरगाडीतून चोवीस हजार किलोमीटर फिरले होते. सगळे त्याच एका किलोमीटरवर, पडदे लावून.

त्या रस्त्याला लोक नावं ठेवत, पण तो सांभाळावा लागे. खड्डा वापरून वापरून पसरट होतो, काठ झिजतात, आणि मग गाडीला हवा तसा हिसका बसत नाही. म्हणून दर महिन्याला सासरेबुवा कुदळ घेऊन जायचे आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या मूळ मापावर आणायचे. लांबी, रुंदी, खोली, सगळं एका वहीत लिहिलेलं. खड्ड्यांना नावंसुद्धा होती. लागोपाठ दोन येणारे म्हणजे 'जावा'. एक लांबट, दिसायला साधा, पण पाठीचा कणा हलवणारा, तो 'थोरला साडू'. सातव्या खड्ड्याचं नाव 'जावईबापू' होतं हे मला लग्नानंतर पाच वर्षांनी समजलं. मी कारण विचारलं.

"खोल काही नाही," सासरेबुवा गंभीरपणे म्हणाले, "पण नको तेव्हा येतो."

आता सासूबाई. या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. तिला समुद्र बघायचा होता. समुद्र काही चंद्रावर नव्हता. आमच्या चौकातून रोज सकाळी सात वाजता एक बस सुटते, ती दुपारी चारला समुद्रावर पोचते. पण कारखान्याचा एक नियम होता. ज्या कामगाराची तीस वर्षं एकाही लेखी तक्रारीशिवाय पूर्ण होतील, त्याला सात दिवस घरगाडी वापरायला मिळेल, ड्रायव्हरसकट. सासरेबुवांनी हा नियम नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचला आणि घरी येऊन नव्या नवरीला शब्द दिला की समुद्रावर जाऊ ते घरगाडीतूनच, थाटात. पलंगावर बसून, चहा पीत. सासूबाई बिचाऱ्या हो म्हणाल्या. त्या वयात तीस वर्षं म्हणजे किती असतात याचा अंदाज कोणालाच नसतो.

एकोणतीस वर्षं आणि आठ महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी सासूबाईंचे डोळे तपासले. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. पण डोळ्यामागची नस सुकत चालली होती, आणि तिला औषध नव्हतं. "वर्ष म्हणा, कदाचित त्याच्या आतच," डॉक्टर म्हणाले. "जे बघायचं असेल ते बघून घ्या."

त्या संध्याकाळी मी आणि बायको तिथेच होतो. बायको म्हणाली, "बाबा, उद्याच्या बसची तिकिटं काढते. दोन दिवसांत जाऊन येऊ."

"चारच महिने राहिलेत," सासरेबुवा म्हणाले. "एकोणतीस वर्षं काढली, आता चार महिन्यांसाठी बसमधून धक्के खात न्यायचं तिला? अगं, तू सांग. चार महिने थांबशील ना?"

सासूबाईंनी फळीच्या भोकातून कप काढला, पुसला आणि परत भोकात ठेवला. "थांबते की," त्या म्हणाल्या.

याच सुमारास अहवाल आला. तो कसा आला हे मला नीट माहीत आहे, कारण मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, त्यातल्या चुका काढायच्या आणि त्यांनी काय लिहिलंय याच्याशी संबंध ठेवायचा नाही, असा आमचा धंदा. घरगाड्या बनवणाऱ्यांच्या संघानं ठरवलं की आपल्या उद्योगाचे देशावर किती उपकार आहेत हे सरकारला आकड्यांत दाखवायचं. त्यासाठी एक बाई नेमल्या. अहवालवाल्या बाई हुशार होत्या, टापटीप होत्या, आणि त्यांच्याकडे छापील प्रश्न होते. सर्वांत जुना कामगार म्हणून त्यांनी सासरेबुवांना समोर बसवलं.

"आपण घरगाडीतून प्रवास करता का?" त्यांनी विचारलं.

"करतो तर," सासरेबुवा म्हणाले.

"आठवड्यातून साधारण किती दिवस?"

"चार."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहून घेतलं. अहवालाच्या बाराव्या पानावर छापलं गेलं की या उद्योगातला कामगार स्वतःसुद्धा वर्षाला दोनशे दिवस सहलीला जातो, आणि ही कामगारांच्या सुबत्तेची खूण आहे. हे पान माझ्याच हाताखालून गेलं. मी 'सुबत्ता' बरोबर आहे ना एवढं पाहिलं.

मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. सासरेबुवा आणि सासूबाईंना ठेवणीतले कपडे घालायला लावून अंगणातल्या एका नव्या गाडीत बसवलं, हातात कप दिले. खिडकीबाहेर कारखान्याची भिंत दिसत होती, म्हणून दोन रंगाऱ्यांनी समुद्राचं एक मोठं चित्र बाहेरून धरलं. सासूबाई त्या चित्राकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी एका रंगाऱ्याला विचारलं, "खरा एवढा निळा असतो का हो?" तो म्हणाला, "आम्ही कुठे पाहिलाय, मावशी." फोटोखाली ओळ आली : 'सागरकिनारी सुट्टीचा आनंद लुटणारं कामगार दाम्पत्य'. मी ती ओळ तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.

अहवालातला सर्वांत मोठा आकडा असा होता की कारखान्यातल्या प्रत्येक कामगारामागे बाहेर साडेतीन माणसांना रोजगार मिळतो. सासरेबुवांना तो आकडा मीच सांगितला. गंमत म्हणून सांगितला, आणि तिथेच चुकलो.

"माझ्यामागे साडेतीन माणसं?" ते म्हणाले. "कोण कोण?"

"पडद्यांचं शिवणकाम करणारी बाई एक," मी बोटं मोजली. "टायरवाला दुसरा. गाड्या मुक्कामाला उतरतात त्या तळावरचा राखणदार तिसरा."

"आणि अर्धा?"

"अर्धा बहुतेक मी. अहवाल आमच्याच छापखान्यात छापतायत."

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरी येताना ते पडदेवालीच्या दारात थांबून विचारू लागले, "काम आहे ना व्यवस्थित?" ती बापडी घाबरली; तिला वाटलं आपल्या कामात काहीतरी खोट निघालीय. मध्ये त्यांना ताप आला तरी रजा घेतली नाही. माझी बायको ओरडली तर म्हणाले, "मी घरी बसलो की साडेतीन घरं बसली." तीस वर्षं ज्याला कोणी नावानं हाक मारली नाही, त्याच्या डोक्यावर एका छापील आकड्यानं एवढी माणसं आणून ठेवली. मला आधी हसू यायचं, नंतर येईना.

सासूबाईंची त्या दिवसांत कसलीच तक्रार नव्हती. घरात सराईतपणे वावरायच्या. चहा करायच्या, साखरेचं कपाट दाबून-उचलून-ओढून उघडायच्या, भिंतीतलं टेबल उघडायच्या, कप बरोबर पुढ्यात ठेवायच्या. कुठे ठेच नाही, सांडलवंड नाही. सासरेबुवा मला म्हणायचे, "बघा, डॉक्टर उगाच घाबरवतात. चार महिने सहज निघतील."

मग अहवालाचं सत्तावन्नावं पान आलं. तिथे उद्योगापुढच्या अडचणी दिल्या होत्या, आणि पहिली अडचण म्हणजे खराब रस्ते. उदाहरण म्हणून बाईंनी कारखान्यामागच्याच रस्त्याचा फोटो टाकला होता. 'थेट कारखान्याला लागून असलेल्या रस्त्याची ही दुरवस्था शासनाच्या उदासीनतेचा, बोलका पुरावा आहे.' त्या वाक्यात एक स्वल्पविराम जास्तीचा होता. मी तो काढला आणि पुढच्या पानावर गेलो. तो रस्ता मला पाठ होता. त्यावर माझ्या नावाचा खड्डा होता. तरीही मी फक्त स्वल्पविराम काढला, कारण माझं काम तेवढंच होतं. याची मला आजही लाज वाटते.

अहवालाच्या प्रकाशनाला मंत्री यायचे होते. त्यांच्या कचेरीतल्या कोणीतरी सत्तावन्नावं पान आधी वाचलं. जे सरकार तीस वर्षांत त्या रस्त्याकडे फिरकलं नव्हतं, त्यानं पाच दिवसांत खडी, डांबर आणि दोन रोलर पाठवले. सासरेबुवा तेव्हा तापानं, शेवटी एकदाचे, दोन दिवस घरी होते. ते सोमवारी कामावर गेले आणि मागच्या फाटकातून बाहेर पडून तिथेच उभे राहिले. रस्ता काळाभोर, गुळगुळीत, मध्ये पांढरी रेघ. जावा गेल्या, थोरला साडू गेला, मीही गेलो.

समारंभ झाला. मंत्री म्हणाले की आमचं सरकार अहवालाची वाट पाहत नाही, अहवाल यायच्या आधीच काम करतं. टाळ्या पडल्या. सासरेबुवांना व्यासपीठावर बोलावून शाल दिली... खरं तर शाल नव्हे, अहवालाचीच एक प्रत दिली, पण ती इतकी जाड होती की खांद्यावर टाकल्यासारखेच ते वाकले.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी त्या नव्या रस्त्यावरून गेली. सासरेबुवा आत बसले, डोळे मिटले, आणि एकही आवाज न होता परत आले. खाली उतरून म्हणाले, "मला काहीच ऐकू आलं नाही."

"उत्तमच की," मॅनेजरसाहेब म्हणाले. "लिहा चिठ्ठी."

"काही ऐकू आलं नाही म्हणजे खडखड नाही असं नव्हे, साहेब. तिला हलवलंच नाही तर ती बोलेल कशी?"

त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. त्या गाडीची नाही, पुढचीही नाही. आठवड्याभरात अंगणात एकोणीस गाड्या उभ्या राहिल्या. दुसरा वाईट रस्ता शोधायला ड्रायव्हर पाठवला, तर मंत्र्यांच्या धसक्यानं आसपासचे सगळेच रस्ते दुरुस्त झालेले. विक्रेत्यांचे फोन सुरू झाले. शेवटी शनिवारी मॅनेजरसाहेबांनी सासरेबुवांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अहवाल होताच.

"खटके, तुमच्यामागे साडेतीन माणसं आहेत म्हणे."

"आहेत."

"मग एकोणीस गाड्या अडवून किती चुली थंड करताय, ते मोजलंत का? आणि तुमची तीस वर्षं भरायला किती राहिलेत? सोळा दिवस ना? एक सही करायला काय जातंय तुमचं?"

सासरेबुवा घरी आले आणि खड्ड्यांची वही उघडून बसले. खोटी सही केली असती तर चार गाड्यांत बशा फुटल्या असत्या, तक्रारी आल्या असत्या, पण सोळा दिवसांनंतर आल्या असत्या. तोवर समुद्र बघून झाला असता. हे गणित त्यांना मांडता येत नव्हतं असं नाही. रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी माझं दार वाजवलं. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात वही, मागे त्यांच्या कोपराला धरून सासूबाई टेप घेऊन.

"जावईबापू, फावडं घ्या आणि चला."

"कुठे?"

"खड्डे पाडायला."

स्वल्पविरामाची बोच होतीच. मी गेलो. आठवडाभराचं डांबर अजून कच्चं होतं, कुदळ घुसत होती. सासरेबुवा खोदत, मी फावड्यानं उपसत असे, सासूबाई टेपचं एक टोक धरून उभ्या. मी म्हटलं, "वहीतलं माप वाचा ना, आई." त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचा, चष्मा घरी राहिला." मी वाचलं. संध्याकाळपर्यंत सगळे नातेवाईक परत आले. सातव्या खड्ड्याशी सासरेबुवा थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीतल्यापेक्षा दोन बोटं कमीच खोदला. आमच्या आठ वर्षांच्या नात्यात त्यांनी मला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

सोमवारी आणि मंगळवारी एकोणीस गाड्या त्या रस्त्यावरून गेल्या. दोन गाड्यांत ढिले खटके निघाले. एकीत तर डोक्यावरचं कपाटच तिसऱ्या आपट्याला उघडलं. दोन्ही दुरुस्त झाल्या, एकोणीस चिठ्ठ्या लागल्या, अंगण मोकळं झालं. बुधवारी रस्तेखात्याचे इंजिनियर फाईल घेऊन दारात हजर.

"हे खड्डे कोणी पाडले?"

"मी," सासरेबुवा म्हणाले, आणि शंका राहू नये म्हणून वही पुढे केली. "सगळी मापं आहेत. तारखेसकट."

इंजिनियर वही चाळत राहिले. त्यांच्या नोकरीत असा आरोपी आला नसावा. "अहो, खड्डा आपोआप पडला तर गोष्ट वेगळी," ते कळवळून म्हणाले. "तो पडतोच. पण पाडला तर सरकारी मालमत्तेची नासधूस होते. मला लेखी द्यावं लागेल."

त्यांनी लेखी दिलं. एकोणतीस वर्षं, अकरा महिने आणि एकोणीस दिवस कोरी राहिलेली सासरेबुवांची फाईल त्या कागदानं उघडली. नियमात 'एकही लेखी तक्रार' असं होतं, कोणाची तक्रार ते लिहिलेलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांना वाईट वाटलं, असं ते स्वतःच म्हणाले. घरगाडीच्या बदल्यात त्यांनी दोन दिवसांची रजा देऊ केली.

त्या संध्याकाळी सासरेबुवा स्क्रूनं बसवलेल्या खुर्चीत बसून होते. बायकोनं काही न विचारता दुसऱ्या दिवशीच्या बसची चार तिकिटं काढून आणली. त्यांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली. "एवढंच?" ते म्हणाले. त्या एका शब्दात तीस वर्षं होती.

सकाळी सातला चौकात बस उभी होती. सासूबाई घराबाहेर पडल्या, चार पावलं बरोबर चालल्या आणि पदपथाच्या कडेवरून त्यांचा पाय सुटला. बायकोनं सावरलं. मग बसची पायरी आली. त्यांनी पाय उचलला तो पायरीच्या खाली, पुन्हा उचलला तो फारच वर. त्यांचा हात हवेत दांडा शोधत होता. दांडा वीतभर अंतरावर होता.

सासरेबुवा बघत राहिले. "तुला दिसत नाही?"

"उजेड कळतो," त्या म्हणाल्या. "माणूस उभं आहे का बसलंय, तेही कळतं."

"कधीपासून?"

"रस्त्यावर रोलर आले, त्याच्या आधीपासूनच."

मग आम्हाला उमगलं. त्या घरात कप भोकात होता, खुर्ची जमिनीत होती, साखर तीन पायऱ्यांनंतर होती. वीस-पंचवीस वर्षं जिथे काहीच हललं नाही, तिथे डोळ्यांची गरजच नव्हती. सासरेबुवांनी घर इतकं पक्कं बसवलं होतं की बायको आंधळी होत चालली हे त्यांना कळलं नाही. आणि आम्ही शहाणे, त्या खुर्चीला हसत होतो.

"सांगितलं का नाहीस?" त्यांनी तिचा हात दांड्यावर नेऊन ठेवला.

"कधी सांगणार?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यामागे साडेतीन माणसं लागली होती. मी त्यांत धरलेली नव्हते."

बस निघाली. ती दोघं पुढच्या बाकावर, आम्ही मागच्या. रस्ता खराब लागला तसे सासरेबुवांचे डोळे सवयीनं मिटले. थोड्या वेळानं ते पुटपुटले, "डाव्या बाजूची चौथी खिडकी. खालचा स्क्रू." सासूबाईंनी कोपरानं ढोसलं.

"अहो, डोळे उघडा. ऐकायला मला येतंय. बघायला तुम्ही हवेत."

त्यांनी उघडले ते दुपारी चारपर्यंत मिटले नाहीत. वाटेत जे दिसेल ते ते सांगत होते, पण त्यांना सांगता येत नव्हतं. माणसानं चोवीस हजार किलोमीटर पडदे लावून काढलेले. "झाड आहे," ते म्हणायचे. "परत झाड. एक घर, पत्र्याचं, बारा बाय पंधरा असेल."

समुद्रावर आम्ही त्यांना दोघांनाच पुढे जाऊ दिलं, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर राहिलो. वारा होता. सासूबाईंनी चपला काढल्या आणि पाणी पायाला लागेपर्यंत चालत गेल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "निळा आहे का?"

"नाही. राखाडी. आपण स्वस्तातल्या गाड्यांना सनमायका लावतो ना, तसा."

"आणि?"

 हा माणूस कशाचंही माप बघून सांगतो, आणि इथे टेप लावायला जागाच नव्हती. "सगळं हलतंय गं," ते शेवटी म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं हलतंय, आणि खडखड कुठेच नाही."

सासूबाई हसल्या. "मग द्या लिहून चिठ्ठी."

ते हसले नाहीत. त्यांनी तिचा हात धरला. "डॉक्टर म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलो असतो, तर तुला दिसला असता."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या हो. बायकोलाही तसंच वाटलं असणार, तिनं माझी बाही धरली होती.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "दिसला असता."

एक लाट आली आणि दोघांचे घोटे भिजवून गेली. मग सासूबाईंनी सासरेबुवांच्या हाताला हलकेच हिसका दिला. "आता गप्प नका राहू. डावीकडून सुरू करा आणि काही सोडू नका."

सासरेबुवांनी डावीकडे मान वळवली, आणि सांगायला लागले.